विद्यापीठाचा शेजारधर्म

(विद्यापीठ परिसरालगत राहणाऱ्या नागरिकांसाठी पुण्यात झालेल्या एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या व्याख्यानासाठी मला ‘विद्यापीठ आणि समाज’ हा विषय सुचवण्यात आला होता. हा विषय इतका विशाल आहे की, त्यावर दोन तास बोलूनही काहीच न बोलण्याची सोय त्यात आहे. म्हणून आयोजकांच्या अनुमतीने मी तो थोडा लहान करून घेतला. समाज म्हणजे कोण? तर विद्यापीठाच्या कुंपणालगत राहणारे आपण. औंध, बाणेर, पाषाण, खडकी, गोखलेनगर, जनवाडी येथून आज आलेली ही मंडळी. आणि या शेजाऱ्यांसाठी विद्यापीठाने काय करावे? तर निदान आपल्या घरात काय चालले आहे, ते त्यांना सांगावे. एवढाच आजचा विषय आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटेल. परंतु विद्या ही समाजाची ठेव आहे असे आपण मानत असू, तर ठेवीचा हिशेब ठेवीदाराला कळवणे ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

गणेशखिंडीतील बंगला

ज्या वास्तूमुळे आपला परिसर ओळखला जातो, तिच्यापासूनच आरंभ करू. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एके काळचे मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. तिचे बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. त्या काळी कुंपणाच्या आत मेजवान्या झडत आणि कुंपणाबाहेर रयत असे. दोहोंमध्ये संवाद नावाची गोष्ट नव्हती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, घराघरांत शिरून झडत्या झाल्या, देव्हारेही सुटले नाहीत. लोकांचा आक्रोश त्या बंगल्याच्या भिंतींना भेदू शकला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड याच बंगल्यातून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्यांना बळी पडला. पुढे दामोदरपंत आणि त्यांचे बंधू फासावर गेले. त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखनावरून लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बंगल्यातून लोकांकडे केवळ हुकूम येत होते. लोकांची बाजू मराठीतून मांडणाऱ्या संपादकाला मात्र तुरुंग होता. परकी सत्ता आणि प्रजा यांच्यातील अंतर किती होते, याचे मोजमाप त्या एका रस्त्यावर सापडते.

स्वातंत्र्यानंतर याच बंगल्यात सरस्वतीची स्थापना झाली. १० फेब्रुवारी १९४९ हा विद्यापीठाचा स्थापनादिन. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. सुमारे ४११ एकरांचा विस्तीर्ण परिसर विद्यापीठाला मिळाला. आरंभी बारा जिल्ह्यांचा कारभार येथून चाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि पुढे जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या माउलीने शेणाचे गोळे अंगावर झेलत विद्या घराबाहेर आणि वाड्याबाहेर नेली, तिचे नाव! हे नाव प्रवेशद्वारावर कोरले की दायित्वही आपोआप येते. मालक बदलला, नाव बदलले. प्रश्न एवढाच उरतो की कुंपणाचा स्वभाव बदलला का?

नालंदेच्या भोवतालची गावे

आपल्या देशात विद्यापीठाची परंपरा प्राचीन आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. नालंदेचे नाव घेतले की मान उंचावते. सातव्या शतकात ह्युएन त्संग तेथे राहून शिकला. त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, राजाने शंभरावर गावांचे उत्पन्न नालंदेस लावून दिले होते आणि दोनशे कुटुंबांकडून तांदूळ, लोणी, दूध यांचा नित्य पुरवठा होत असे. म्हणजे भिक्षू आणि आचार्य निश्चिंत मनाने तर्कशास्त्राची चर्चा करू शकत, ती आसपासच्या कुणब्यांच्या आणि गवळ्यांच्या कष्टांवर. प्रवेशद्वारावरचे पंडित येणाऱ्याची कठोर परीक्षा घेत आणि बहुतेकांना परत पाठवत, असेही वर्णन आहे. विद्येचा दर्जा राखायचा तर हे योग्यच होते.

परंतु पुढचा इतिहासही पाहिला पाहिजे. बाराव्या शतकाच्या अखेरच्या आक्रमणांच्या काळात नालंदेचा विध्वंस झाला. त्यानंतर काही शतकांत ते स्थान मातीच्या टेकाडांखाली गेले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी तेथे पोहोचले, तेव्हा आसपासचे लोक त्या टेकाडांना पुराणकाळातील एका राजाची राजधानी समजत होते. ही टेकाडे म्हणजेच नालंदा, हे १८६१-६२ च्या सुमारास कनिंगहॅमने ओळखले आणि १९१५ पासून उत्खनन सुरू झाले. ज्या गावांनी कित्येक पिढ्या त्या ज्ञानपीठाला दूधभात पुरवला, त्यांच्याच वंशजांच्या स्मृतीतून ते पुसले गेले होते. याला अनेक कारणे असतील. मधली शतके मोठ्या उलथापालथीची होती. तरीही माझ्या मनात हा विचार येतो की, आत काय शिकवले जाते हे बाहेरच्या झोपडीपर्यंत पोहोचले असते, तर इमारत पडली तरी आठवण उभी राहिली असती. आमच्या संतांचे पाहा. त्यांच्यामागे वास्तू नव्हती, अनुदान नव्हते. पण त्यांनी आपले ज्ञान लोकांच्या बोलीत लोकांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. ते कुठल्याही स्वारीत जळाले नाही.

दहा फेब्रुवारी, दुसरीकडची

शेजाऱ्यांशी अबोला धरला की काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. योगायोग असा की तारीखही आपल्या विद्यापीठाचीच, १० फेब्रुवारी. वर्ष मात्र १३५५. ऑक्सफर्डच्या एका मद्यालयात दारूच्या प्रतीवरून विद्यार्थी आणि मालक यांची बाचाबाची झाली. तेवढ्यावरून शहर आणि विद्यापीठ एकमेकांवर तुटून पडले. दंगल दोन-तीन दिवस चालली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा असा की विद्यापीठाकडील ६३ जण मारले गेले. नगरवासीयही मोठ्या संख्येने मेले. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी शहराच्या महापौराने येऊन प्रायश्चित्त घ्यावे आणि ६३ पेनी भराव्यात, अशी शिक्षा झाली. ती प्रथा १८२५ पर्यंत चालली. १९५५ मध्ये, म्हणजे सहाशे वर्षांनी, उभय पक्षांनी समारंभपूर्वक समेट केला. विद्यापीठाने महापौराला सन्माननीय पदवी दिली आणि शहराने कुलगुरूला सन्माननीय नागरिकत्व.

सहाशे वर्षांचे हे भांडण एका पेल्यातल्या मद्याचे नव्हते. आपल्या गावात राहून आपल्याहून वेगळे कायदे आणि वेगळे हक्क भोगणाऱ्या मंडळींविषयीचा संशय वर्षानुवर्षे साठला होता; पेला केवळ निमित्त झाला. आपल्याकडे, सुदैवाने, असे काही घडलेले नाही. विद्येविषयीचा आदर आपल्या रक्तात आहे. परंतु आदर म्हणजे आपुलकी नव्हे. देवळाला लांबून नमस्कार करून पुढे जाणारा भक्त आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला खांदा देणारा भक्त यांत फरक असतो.

प्रसिद्धिपत्रक म्हणजे बातमी नव्हे

आता माझ्या व्यवसायातील अनुभव सांगतो. विद्यापीठांतून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येणारी प्रसिद्धिपत्रके मी जवळजवळ तीस वर्षे वाचत आलो आहे. ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले’, ‘मौलिक मार्गदर्शन केले’, ‘आभारप्रदर्शनाने सांगता झाली’. एकदा एका विद्यापीठातून, नाव घेत नाही, असेच एक पत्रक आले. भूजलशास्त्राच्या एका अभ्यासकाचे व्याख्यान झाले होते. विषय होता शहरातील कूपनलिका आणि खाली जाणारी पाण्याची पातळी. पत्रकात व्यासपीठावरील अकरा जणांची नावे हुद्द्यांसह होती. व्याख्यात्याने काय सांगितले, याला एक ओळ. आणि पत्रक आमच्यापर्यंत आले ते कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या भोवतालच्या सोसायट्यांत टँकर येत होते. त्या लोकांना आधी कळले असते, तर सभागृहात बसायला जागा उरली नसती.

येथेच प्रसिद्धी आणि बातमी यांतील भेद स्पष्ट होतो. प्रसिद्धी ही सांगणाऱ्याच्या सोयीची असते, बातमी ऐकणाऱ्याच्या गरजेची. संस्थेची कीर्ती वाढावी म्हणून जे पसरवले जाते, ती प्रसिद्धी. शेजाऱ्याला काय ठाऊक असायला हवे, असा विचार करून जे सांगितले जाते, ती बातमी. आणि शेजाऱ्याला सगळेच गोड ऐकायचे नसते. निकाल का रखडले, कोणती झाडे तोडावी लागणार, कोणते प्रवेशद्वार किती दिवस बंद राहणार, बांधकामाची वाहने कुठून जाणार, हेही त्याला हवे असते. केवळ पारितोषिकांच्याच वार्ता कळवणाऱ्या संस्थेवर लोक विश्वास ठेवत नाहीत. अडचण आधी सांगितली तर शेजारी समजून घेतो. नंतर कळली तर तीच तक्रार होते. मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल पाडला गेला. त्यानंतर त्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाने संयम किती ताणता येतो, ते अनुभवले आहे. काम कुणाचेही असो, आपल्या दाराशी काय होणार आहे, हे कळण्याची भूक किती मोठी असते, ते त्या काळाने शिकवले.

जे घडले, त्याची नोंद

हे सारे ऐकून असे वाटू नये की, या परिसरात काहीच झाले नाही. पूर्वसूरींनी पाया उत्तम घातला आहे. बहिःशाल शिक्षण मंडळाने जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावी नेली. पदवीशी ज्याचा संबंध नाही, अशा शेतकऱ्याने, शिंप्याने, गृहिणीनेही संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकाव्यात, ही त्यामागची दृष्टी. १९६९ मध्ये देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थी हातात कुदळ-फावडे घेऊन गावात गेले.

परिसरातच ‘आयुका’ आहे. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. आकाशगंगांचे संशोधन करणाऱ्या या संस्थेने शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने योजली, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी दारे सर्वांना खुली केली आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने मुलांसाठी विज्ञान शोधिका उभारली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सर सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी स्वाक्षरी असेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. जगातील एक श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञ पोस्टकार्डावर मुलाला उत्तर लिहितो, याहून शेजारधर्माचे सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

याच परिसरातील रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने जुन्नर तालुक्यात खोडदजवळ महाकाय दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपणे हे तिचे काम. आसपासच्या यंत्रांचा, वाहिन्यांचा, उपकरणांचा रेडिओ गोंगाट वाढला, तर ती दुर्बीण बहिरी होईल. म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे संशोधन शेवटी शेजारच्या शेतकऱ्याच्या सहकार्यावर अवलंबून आहे. विज्ञानदिनाला तेथे प्रदर्शन भरते, आसपासच्या शाळांतील मुले आपले प्रयोग मांडतात, ग्रामस्थ तबकड्या जवळून पाहतात. आपल्या शिवारात काय चालले आहे हे ज्याला समजले, तो त्याची राखण स्वतःहून करतो.

आणि चौथी गोष्ट आकाशवाणीच्या लहरींची. प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. डिसेंबर २००२ मध्ये अटलजींच्या सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचे रेडिओ केंद्र चालवण्यास परवानगी देणारे धोरण मंजूर केले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००५ मध्ये पुण्यात ‘विद्यावाणी’ आली. २००६ मध्ये हे धोरण स्वयंसेवी संस्थांपर्यंत विस्तारले. या केंद्रांची शक्ती मुद्दामच मर्यादित ठेवलेली असते. दहाएक किलोमीटरपलीकडे आवाज पोहोचत नाही. लोक याला उणीव समजतात. मी तिला त्या माध्यमाचा आत्मा समजतो. हे केंद्र दिल्लीसाठी नाही, मुंबईसाठी नाही. ते खडकीच्या कामगारासाठी, पाषाणच्या आजींसाठी आहे. २००६ च्या धोरणात अशा केंद्रांना राजकीय बातम्यांची मनाई होती. परंतु ग्रंथालयातील प्रदर्शन, मोफत आरोग्य तपासणी, अभ्यासक्रमाची प्रवेशतारीख, टेकडीवरील वनस्पतींची ओळख, ही शेजाऱ्याच्या कामाची माहिती राजकारणात मोडत नाही.

कायद्याचा आधार

हे सर्व कुणाच्या सदिच्छेवर सोडायचे का? नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या माहितीच्या अधिकाराचा आपण अर्ज करण्यापुरताच विचार करतो. त्या कायद्याचे चौथे कलम मात्र सांगते की, लोकांनी अर्ज करण्याची वेळच येऊ नये. सार्वजनिक संस्थेने स्वतःहून माहिती प्रकट करावी. महत्त्वाची धोरणे आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. आणि पुढे असेही म्हटले आहे की, माहिती देताना स्थानिक भाषा, खर्च आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार व्हावा. संकेतस्थळावरील आडबाजूच्या पानावर इंग्रजीत कागद चढवला की कर्तव्य संपले, असा अर्थ यातून निघत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आजीवन अध्ययन आणि विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. साधने आहेत, कायदा आहे. उरते ती दृष्टी.

चार सूचना

म्हणून सर्वच विद्यापीठांपुढे मी चार साध्या सूचना ठेवतो. पहिली, महिन्याला एक पान. पाठपोट छापलेले, सुबोध मराठीतले. त्यात पुढील महिन्याची खुली व्याख्याने, प्रदर्शने, प्रवेशाच्या तारखा, परिसरातील बांधकाम, आणि एखाद्या संशोधनाची आठवीतल्या मुलाला कळेल अशी ओळख असावी. हे पान शाळांत, वाचनालयांत, दवाखान्यांत, सोसायटीच्या फलकावर आणि वस्तीच्या चौकात लागावे. भ्रमणध्वनीवर जरूर पाठवावे, परंतु भिंतीवरचे पान भ्रमणध्वनी नसलेल्यालाही वाचता येते.

दुसरी, माहिती आधी द्यावी. झालेल्या समारंभाची वार्ता ही इतिहासजमा गोष्ट आहे. होणाऱ्या कार्यक्रमाची वार्ता हे निमंत्रण असते.

तिसरी, तिमाहीतून एकदा शेजाऱ्यांची बैठक. कुलसचिवांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने बसावे आणि ऐकावे. सांडपाणी, दिवे, भटकी कुत्री, वाहनांची गर्दी, हे विषय विद्वत्तेला कमीपणा आणणारे नाहीत.

चौथी, वार्ता दोन्ही दिशांनी वाहावी. पानशेतच्या १९६१ च्या पुराने बेघर झालेल्या कुटुंबांनी गोखलेनगर-जनवाडीत पुन्हा संसार उभे केले. त्या पिढीच्या आठवणी हा समाजशास्त्राचा जिवंत ग्रंथ आहे. औंध-बाणेरच्या जुन्या शेतकऱ्याला ओढ्यानाल्यांचे मूळ मार्ग ठाऊक आहेत. हे ज्ञान विद्यापीठाने त्यांच्याकडून मागून घ्यावे. ज्याच्याकडे आपण शिकायला जातो, त्याला आपली बातमी सांगणे मग ओझे वाटत नाही.

आपलेही काही देणे आहे

बंधू-भगिनींनो, उत्तरदायित्व एकतर्फी नसते. शेजारधर्म दोघांनी पाळायचा असतो. विद्यापीठाने पान छापले आणि आपण ते वडे बांधायला वापरले, तर दोष कुणाचा? खुल्या व्याख्यानाला पंधरा डोकी जमत असतील, तर पुढच्या वेळी बोलावण्याचा उत्साह कुठून येणार? आपल्या वस्तीत गणेशोत्सव मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, वाचनालये आहेत, नित्य एकत्र येणारे कार्यकर्ते आहेत. यांतील दोघांनी महिन्यातून एकदा विद्यापीठात जाऊन माहिती आणायची आणि घरोघरी सांगायची असे ठरवले, तर उद्यापासून काम सुरू होईल. कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी हा प्रश्न कुणासाठी महत्त्वाचा आहे, ते सांगून थांबतो. तुमच्या-माझ्या मुलांना प्रवेशाची तारीख कुठून तरी कळतेच. घरात शिकलेली माणसे असतात, ओळखी असतात. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनीची मुलगी विद्यापीठापासून चालत पंधरा मिनिटांवर राहते आणि तरीही ते तिच्यापासून कित्येक कोस दूर असते. येथे कमवा आणि शिका योजना आहे, हे तिला कोण सांगणार? येथील अभ्यासक्रमांतला एखादा आपल्यासाठीही असू शकतो, हे तिला कसे कळणार? प्रवेशाचा अर्ज तिला कुणी नाकारलेला नाही. असा अर्ज असतो हेच तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही. न कळल्यामुळे जी संधी जाते, तिची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. ती मुलगीही तक्रार करत नाही, कारण आपण काय गमावले हेच तिला ठाऊक नसते.

सावित्रीबाई मुलींच्या शोधात घरोघरी गेल्या होत्या. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाची वार्ता त्या मुलीच्या दारापर्यंत नेणे, हे विद्यापीठाचे काम आहे आणि आपलेही. या महिन्यात आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका घरी जावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.